'वागणुकीत बदल नाही' म्हणणारा मेमरी मॅनेजमेंटचा पॅच कसा तपासायचा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका तरुण अभियंत्याचा प्रश्न आहे. त्यांच्या कंपनीचा डेटा लॉगर पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसतो. आत ३२ बिटचा एआरएम प्रोसेसर, १२८ एमबी मेमरी आणि लिनक्स कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, ६.१ ही दीर्घकालीन शाखा. ते लिहितात: "सर, सहकाऱ्याने कर्नलच्या एमएम (मेमरी मॅनेजमेंट) फोल्डरमधला आणि आमच्या ड्रायव्हरमधला मेमरीचा कोड नीट लावून एकच पॅच दिलाय, साडेचारशे ओळींचा. वर लिहिलंय की वागणुकीत कोणताही बदल नाही. रिव्ह्यू माझ्याकडे आहे. बदलच नाही तर मी शोधायचं काय? कोड तर आधीपेक्षा चांगलाच दिसतोय."

शेवटचं वाक्य आधी बाजूला ठेवा. नवा कोड देखणा आहे की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. सहकाऱ्याने एक दावा केलाय: आधी जे घडत होतं तेच, त्याच क्रमाने, चुकीच्या वाटेवरसुद्धा तसंच घडेल. तो दावा खोडून काढायचा मनापासून प्रयत्न करणं हे तुमचं काम. खोडता आला नाही तरच सही करा.

म्हणून सुरुवात नव्या कोडपासून करू नका. पॅच न लावलेली जुनी फाइल उघडा आणि पॅच ज्या ज्या फंक्शनला हात लावतो, त्याचा करार कागदावर उतरवा. बोलावणारा कोड कोणतं लॉक, म्हणजे सामायिक डेटाचं कुलूप, धरून येतो? ते लॉक आत कुठे सुटतं का? पानाचा (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्याचा) रेफरन्स, म्हणजे 'वापरात आहे' अशी नोंद, कोण घेतं आणि सोडायची जबाबदारी कोणाची? रिकामा पॉइंटर परत आला तर त्याचा अर्थ 'सापडलं नाही' की 'मेमरी संपली'? फंक्शन झोपू शकतं का, म्हणजे मधेच वाट पाहत थांबू शकतं का? तसं असेल तर ते इंटरप्टमधून बोलावून चालत नाही. यातलं निम्मंअधिक कॉमेंटमध्ये लिहिलेलं नसतं. ते बोलावणाऱ्या ठिकाणांवरून काढावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. रिव्ह्यूचा खरा वेळ इथेच जायला हवा. हा कागद तयार झाला की पॅच वाचायला फारसा वेळ लागत नाही, कारण आता प्रत्येक ओळीला विचारायला तुमच्याकडे नेमका प्रश्न असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. तुमच्या पॅचमध्येही ते असण्याची दाट शक्यता आहे. प्रोसेसच्या पत्त्यांचे सलग पट्टे कर्नल व्हीएमए नावाच्या रचनांमध्ये नोंदवून ठेवतं. फाइंड_व्हीएमए या फंक्शनला पत्ता दिला की तो पत्ता ज्या पट्ट्यात आहे तो मिळेल, असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात ते असा पहिला पट्टा देतं, ज्याचा शेवट त्या पत्त्याच्या पुढे आहे. पत्ता दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत पडला तर त्याच्या वरचा पट्टा हातात येतो. म्हणून जुन्या कोडमध्ये या फंक्शनच्या पाठोपाठ जागोजागी आणखी एक तपासणी दिसते: पत्ता पट्ट्याच्या सुरुवातीच्या आधीचा असेल तर चूक म्हणून परत फीर. २०२१ साली ५.१४ आवृत्तीत व्हीएमए_लुकअप हे फंक्शन आलं. ते दोन्ही कामं एकदम करतं, पत्ता पट्ट्यात नसेल तर रिकामा पॉइंटर देतं. मग कर्नलभर त्या जोड्या एकेका ओळीत आल्या, आणि ते योग्यच झालं.

आता समजा, सहकाऱ्याने उरलेल्या सगळ्या ठिकाणी हाच बदल केला. बहुतेक ठिकाणी काही बिघडणार नाही. पण त्यातली एक जागा पेज फॉल्ट, म्हणजे मागे पान नसलेल्या पत्त्याला हात लागल्यावर येणारा अडथळा, हाताळणारी असेल तर? स्टॅक, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या डेटाची मेमरी, खालच्या दिशेने वाढतो. प्रोग्रामने स्टॅकच्या पट्ट्याच्या जरा खाली पाऊल टाकलं की फॉल्ट येतो, आणि तिथल्या कोडला मुद्दाम वरचाच पट्टा हवा असतो: तो खाली वाढू शकणारा आहे का ते पाहायचं, असेल तर वाढवायचा. तिथे व्हीएमए_लुकअप घातलं तर उत्तर रिकामं येईल आणि प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरेल. लगेच मात्र मरणार नाही. प्रोग्राम सुरू करताना कर्नल स्टॅकचा पट्टा साधारण १२८ केबी जास्तीचा ठेवूनच देतं. बोर्ड बूट होईल, शेल चालेल, तुमच्या छोट्या चाचण्या हिरव्या होतील. कधीतरी एखादा खोल रिकर्शन करणारा प्रोग्राम ती हद्द ओलांडेल आणि तेव्हा सगळे त्या प्रोग्रामला दोष देतील.

दोन जागा डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) अक्षरशः सारख्या दिसतात, फरक असतो तो बोलावणाऱ्याच्या हेतूत, आणि डिफ हेतू दाखवत नाही. म्हणून 'सगळीकडे सारखाच बदल केलाय' असं पॅचच्या वर्णनात वाचलं की मी एकेका जागी थांबतो.

याच स्टॅकवाढीची खरी घडलेली गोष्ट माहीत असायला हवी, कारण तुमची शाखा नेमकी त्यात सापडलेली आहे. ६.१ मध्ये व्हीएमए ठेवण्यासाठीचं जुनं रेड-ब्लॅक ट्री जाऊन मेपल ट्री आलं. तो निव्वळ आवराआवरीचा पॅच नव्हता, रचनाच बदलली होती, पण बाहेरची वागणूक तीच राहावी हाच उद्देश होता. जुन्या रचनेत एक सवलत वर्षानुवर्षं चालत आली होती: स्टॅक वाढवताना एममॅप_लॉक (प्रोसेसच्या पट्ट्यांच्या नोंदी सांभाळणारं लॉक) फक्त वाचनासाठी धरलेलं असलं तरी चाले, कारण वाढ म्हणजे पट्ट्याच्या सुरुवातीचा आकडा जागच्या जागी बदलणं. मेपल ट्रीमध्ये त्याच वाढीसाठी कधी आतला नोड बदलून नवा घालावा लागतो आणि जुना काही वेळाने मोकळा केला जातो. दुसरा एखादा थ्रेड तेच लॉक वाचनासाठी धरून त्या जुन्या नोडवर उभा असेल, तर त्याच्या पायाखालची मेमरी निघून जाते. २०२३ मध्ये हे उघड झालं. स्टॅकरॉट या नावाने ओळखतात, सुरक्षा त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-३२६९. साध्या वापरकर्त्याला रूट होता येईल इतकं ते गंभीर होतं. दुरुस्ती अशी झाली की स्टॅक वाढवायचा तर लॉक लेखनासाठी धरायचं, आणि फॉल्टच्या वाटेवरचं 'लॉक धर आणि पट्टा शोध' हे काम एका सामायिक फंक्शनमध्ये नेलं गेलं. तुमच्या शाखेत ती दुरुस्ती ६.१.३७ मध्ये आली. बोर्डावरची आवृत्ती त्याआधीची असेल तर हा रिव्ह्यू थांबवा आणि आधी ते अपडेट करा.

ती सवलत करारात कुठेही ठळक लिहिलेली नव्हती. जुन्या रचनेच्या स्वभावामुळे ती चालून जात होती. रिफॅक्टरिंगमध्ये मोडतात त्या अशाच गोष्टी, म्हणून मी जुना कोड आधी वाचायला सांगतो.

आता तुमच्या ड्रायव्हरकडे या, कारण तिथे मला सर्वात जास्त धोका दिसतो. सेन्सरचा डेटा थेट वापरकर्त्याच्या बफरमध्ये उतरवायचा तर ड्रायव्हर ती पानं आधी अडकवून ठेवतो. त्याचे दोन मार्ग आहेत: जुनं गेट_यूझर_पेजेस, आणि ५.६ पासून आलेलं पिन_यूझर_पेजेस. पहिल्याने घेतलेलं पान पुट_पेजने सोडायचं, दुसऱ्याने घेतलेलं अनपिन_यूझर_पेजने. कोड नीट लावणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही ठिकाणचे सोडायचे लूप एकसारखे दिसतात, आणि दोन्ही मिळून एक छान मदतनीस फंक्शन करायचा मोह होतो. पण साध्या पानाला पिन करताना कर्नल त्याच्या रेफरन्समध्ये १ नव्हे, १०२४ मिळवतं, म्हणजे पिन झालेलं पान ओळखता येतं. ते पुट_पेजने सोडलं तर १०२४ मधून १ वजा होतो आणि १०२३ उरतात. ते पान पुन्हा कधीच मोकळं होत नाही.

कुठलीही चूक दिसत नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही. हिशोब करून पाहा: मिनिटाला ४ केबीचं एक पान गळलं तर दिवसाला १,४४० पानं, म्हणजे ५,७६० केबी, साधारण साडेपाच एमबी. १२८ एमबीच्या बोर्डावर सगळं चालू असताना ६० एमबी मोकळी धरली तर अकराव्या दिवशी ती संपते. तुमच्या टेबलावर अकरा दिवस सलग चाचणी चालत नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये, ऐन हंगामात, तो डबा महिनोन्‌महिने बंद होत नाही. ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग, जागा होऊन लॉगिंगचा प्रोग्रामच मारेल आणि तापमानाच्या नोंदीत खाडा पडेल. निर्यातीच्या मालाला तापमानाची अखंड नोंद दाखवावी लागते, तेव्हा हा खाडा शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

त्याच जागी आणखी एक पाहा. पिन_यूझर_पेजेस मागितली तितकी पानं देईलच असं नाही. आठ मागितली, पाच मिळाली, असं होऊ शकतं. जुन्या कोडमध्ये त्या पाचांना सोडणारी गोटूची (ठरलेल्या लेबलवर उडी मारणाऱ्या आज्ञेची) वाट होती का, आणि नव्या मदतनीस फंक्शनमध्ये ती तशीच आहे का? गोटू दिसले की ते काढून टाकायची घाई अनेकांना असते. कर्नलमध्ये ते लेबलांचे उतरते जिने विचारपूर्वक बांधलेले असतात: जे शेवटी घेतलं ते आधी सोडायचं. प्रत्येक लेबलपर्यंत पोहोचणारी प्रत्येक वाट बोट ठेवून जुन्याशी ताडून बघा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

तुमचा बोर्ड ३२ बिटचा आणि सहकाऱ्याचा लॅपटॉप ६४ बिटचा, ही बाबही महत्त्वाची. फाइलमधल्या पानाच्या क्रमांकावरून बाइटमधली जागा काढायची तर क्रमांक १२ बिट डावीकडे सरकवतात. जुन्या कोडमध्ये त्याआधी लॉफ_टी या ६४ बिटच्या प्रकारात रूपांतर केलेलं असतं. लॅपटॉपवर ते निरर्थक वाटतं, कारण तिथे क्रमांक मुळातच ६४ बिटचा आहे. 'अनावश्यक रूपांतर काढलं' असं म्हणून ते पुसलं तर ३२ बिटवर ४ जीबीच्या पुढचा पत्ता गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एक्सटी४ वरची लॉग फाइल ४ जीबी ओलांडते त्या दिवशी नवी नोंद फाइलच्या सुरुवातीवर लिहिली जाईल. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही. पॅचमध्ये पुसलेली रूपांतरं, बदललेले चल-प्रकार, इंट झालेले अनसाइन्ड लाँग, हे सगळं वेगळं काढून बघा.

पेज टेबलमधली (कोणता पत्ता कोणत्या पानावर जातो या तक्त्यातली) नोंद वापरून झाल्यावर ती सोडणाऱ्या पीटीई_अनमॅपचंही तसंच आहे. ६४ बिटवर बरीच वर्षं तो काहीच न करणारा मॅक्रो होता, त्यामुळे त्याची एखादी हाक गाळली तरी तिथे कोणाला कळत नसे. ज्या ३२ बिट कर्नलमध्ये पेज टेबलं हायमेममध्ये (कर्नलला कायम थेट दिसत नाही अशा मेमरीत) ठेवली जातात तिथे मात्र ती हाक खरोखर काहीतरी मोकळं करते.

व्हीएम_बग_ऑन या तपासणीच्या मॅक्रोच्या कंसात काय आहे ते नीट वाचा. डीबग_व्हीएम हा पर्याय बंद असलेल्या कर्नलमध्ये त्या कंसातला कोड चालतच नाही. सहकाऱ्याने दोन ओळींची एक करताना रेफरन्स कमी करणारी हाक त्या कंसात नेली असेल, तर त्याच्या डीबग कर्नलवर सगळं चालेल आणि तुमच्या उत्पादनावर ती हाक गायब असेल.

क्रमाबद्दल थोडक्यात. पान काढून घेताना आधी पेज टेबलमधली नोंद पुसायची, मग टीएलबी (प्रोसेसरने जवळ ठेवलेली त्या नोंदींची प्रत) साफ करायचा, मग पान मोकळं करायचं. सफाईचं सगळं काम 'एका जागी आणताना' शेवटची दोन पावलं उलटी झाली, तर दुसरा कोअर टीएलबीतल्या जुन्या नोंदीवरून अशा पानावर लिहीत राहतो, जे आता भलत्याच प्रोसेसला दिलं गेलंय. एकाच कोअरच्या बोर्डावर हे सहसा दिसणार नाही. म्हणून या बाबतीत चाचणीवर विसंबू नका, वाचूनच खात्री करा.

पॅचमध्ये पेजचं फोलिओत (एकत्र हाताळल्या जाणाऱ्या पानांच्या गटात) रूपांतर असेल तर एवढंच बघा की जुना प्रश्न एका पानाबद्दल होता की पूर्ण फोलिओबद्दल. खराब मेमरीची खूण, एचडब्ल्यूपॉयझन, ही प्रत्येक पानाची वेगळी असते. ती फोलिओच्या पातळीवर विचारली की उत्तर बदलतं.

आता साडेचारशे ओळींबद्दल. एवढा पॅच एकत्र घेऊ नका. परत पाठवा आणि तुकडे करून मागा, त्यात संकोच करायचं कारण नाही. कर्नलच्या पॅच पाठवण्याच्या नियमांतच आहे की कोड एका फाइलमधून दुसरीत हलवताना त्याच पॅचमध्ये हलवलेला कोड बदलायचा नाही. हलवणं एका पॅचमध्ये, नावं बदलणं दुसऱ्यात, मदतनीस फंक्शन काढणं तिसऱ्यात, आणि प्रत्येक टप्प्यावर कर्नल बिल्ड होऊन चाललं पाहिजे, नाहीतर उद्या गिट बायसेक्टने (बग कोणत्या पॅचमध्ये आला हे निम्मे-निम्मे पॅच वगळत काढणाऱ्या साधनाने) बग शोधताना घोडं तिथेच अडेल. निव्वळ हलवण्याचा पॅच गिटच्या कलर-मूव्हड पर्यायाने पाहिला की जशाच्या तशा हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात आणि मधेच हळूच बदललेली ओळ डोळ्यात भरते.

यांत्रिक बदल असेल तर ओळी वाचत बसण्यापेक्षा तो बदल करणारी स्क्रिप्ट मागा. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत एममॅप_सेमचं नाव एममॅप_लॉक झालं, ते कसं केलं ते अभ्यासण्यासारखं आहे. आधी लॉक धरण्या-सोडण्यासाठी छोटी आवरण फंक्शनं आणली. मग कॉक्सिनेल या साधनाने कर्नलभरातल्या थेट हाका त्या फंक्शनांकडे वळवल्या. साधनाला न जमलेल्या जागा वेगळ्या पॅचमध्ये हाताने बदलल्या, आणि सगळ्यात शेवटी नाव बदललं. अशा पॅचमध्ये स्क्रिप्ट वाचायची, स्वतः चालवायची, निकाल पॅचशी ताडायचा आणि आपलं सगळं लक्ष हाताने बदललेल्या जागांवर लावायचं.

चाचणीसाठी दोन कर्नल बनवा. उत्पादनाच्या कॉन्फिगने पॅचच्या आधी आणि नंतर बिल्ड करून स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं, फंक्शनांचे आकार ताडणारं ब्लोट-ओ-मीटर चालवा. 'फक्त नाव बदललंय' म्हणणाऱ्या पॅचने एखाद्या फंक्शनचा आकार बदलला असेल तर का बदलला, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं कर्नल डीबग_व्हीएम, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) आणि कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) चालू करून क्यूईएमयू या आभासी मशीनवर अनेक कोअर देऊन चालवा. त्यात फेल_पेज_अलॉक आणि फेलस्लॅब चालू करा, म्हणजे मेमरी मागणाऱ्या हाका मुद्दाम फसतील आणि एरवी कधीच न चालणाऱ्या चुकीच्या वाटा चालतील. माझ्या मते या पॅचसाठी सर्वात उपयोगी चाचणी हीच.

एक सावधगिरी. गळती शोधायला अनेकजण केमेमलीक लावतात आणि तो गप्प राहिला की निर्धास्त होतात. पेज अलोकेटरकडून थेट घेतलेली पानं केमेमलीक मोजतच नाही. वर सांगितलेली पिनची गळती त्याला दिसणार नाही. पान कोणी घेतलं हे पेज_ओनर दाखवतं. बूटच्या वेळी ते चालू करा, डीबगएफएसमधून (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतून) त्याची यादी सकाळी आणि संध्याकाळी काढा आणि दोन्हीतला फरक बघा. पिनच्या हिशोबासाठी व्हीएमस्टॅट या कर्नलच्या मेमरीच्या आकड्यांच्या फाइलमध्ये फोल_पिन घेतल्याचा आणि सोडल्याचा असे दोन आकडे मिळतात. काम थांबवल्यावर ते सारखे असायला हवेत. तुमच्या शंकेचं उत्तर हे दोन आकडे पाच मिनिटांत देतील.

शेवटी, हा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता पण तो विचारायलाच हवा: एमएम फोल्डरमधला कोड तुमच्या कंपनीच्या झाडात (कर्नलच्या कोडच्या स्वतःच्या प्रतीत) नीट लावायचाच कशाला? दीर्घकालीन शाखेत दुरुस्त्या सतत येत असतात, आणि त्या मूळ कोडच्या आकारावर बेतलेल्या असतात. तुम्ही फंक्शनं हलवली, नावं बदलली, की स्टॅकरॉटसारखी पुढची दुरुस्ती तुमच्याकडे सरळ लागणार नाही. कोणीतरी ती हाताने बसवेल, आणि लॉकचा क्रम चुकवायला तेवढं पुरतं. ड्रायव्हर तुमचा आहे, तो जरूर नीट करा. एमएममधला बदल खरोखर चांगला असेल तर तो मूळ कर्नलला पाठवा. तिथे मेमरी मॅनेजमेंटचे पॅच जमा होतात त्या झाडातून तो जाईल, तुमच्याहून कितीतरी जास्त मशीनवर तपासला जाईल आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीबरोबर तुमच्याकडे आपोआप येईल.

तेव्हा सहकाऱ्याला उत्तर साधारण असं लिहा: "ड्रायव्हरचा भाग वेगळा करून तीन पॅचमध्ये द्या: हलवणं, नावं, मदतनीस फंक्शन. पानं सोडणाऱ्या फंक्शनमध्ये पिन केलेली आणि न केलेली पानं एकत्र आली आहेत का, ते मला ओळीनिशी दाखवा. काढलेल्या प्रत्येक रूपांतराचं ३२ बिटवरचं कारण वर्णनात लिहा. फाइंड_व्हीएमए बदललेल्या प्रत्येक जागी बोलावणाऱ्याला वरचा पट्टा चालणार होता का, हे एकेका वाक्यात सांगा. एमएमचा भाग आपल्या झाडात घेऊ नये असं माझं मत आहे, तो मूळ कर्नलला पाठवायला मी मदत करतो. तुकडे आले की दोन दिवसांत बघतो."